देवळालीची पुस्तिका आणि दूरदेशीचा वाचक



लेखकाच्या हातून सुटलेला शब्द कोठवर पोहोचेल, हे लेखकालाही ठाऊक नसते. नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळाशिक्षकाचे जीवन याची साक्ष देते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाचे आसन नाही. होता तो केवळ अंकांचा ध्यास. संशोधन जगापुढे यावे म्हणून त्यांनी पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापल्या. त्यांच्या कार्याकडे इथल्या अनेक विद्वानांनी 'करमणुकीचे गणित' म्हणून पाहिले.

पण त्या पुस्तिकांत काय होते? २१ या संख्येत तिचेच अंक २ आणि १ मिळवले की २४ येतात. म्हणजे २१ ही २४ ची जननी. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून उत्पन्न होत नाही. अशा जननीविहीन संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांकही असाच विलक्षण. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास ३०८७, ८३५२ आणि तिसऱ्या पायरीस ६१७४ येतात. सर्व अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत हेच उत्तर!

पुढे दूर कोलंबियातील बर्नार्डो रेकामान यांना याच स्वयंभू संख्या स्वतंत्रपणे गवसल्या. १९७४ मध्ये एका अमेरिकन गणित-मासिकात त्या 'कोलंबियन संख्या' या नावाने झळकल्या. देवळालीचे नाव तिथेच पुसले जाण्याचा धोका होता. परंतु छापील पुस्तिका साक्षीला उभ्या होत्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांची ओळख जगाला करून दिली. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. आज त्याच संख्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हणतात.

१९८६ साली कापरेकर निवर्तले. त्यांचे जीवन दोन गोष्टी सांगते. पहिली लिहिणाऱ्यासाठी : जे गवसले ते नाव-गाव-तिथीसह नोंदवून ठेवावे, नोंद नसती, तर श्रेयही उरले नसते. दुसरी समाजासाठी : आपल्याच अंगणातील गुणवंताला ओळखण्यासाठी परदेशी शिक्कामोर्तबाची वाट का पाहावी? आजही एखाद्या गावी कोणी शिक्षक वहीची पाने भरीत असेल. त्याचा पहिला वाचक आपणच झाले पाहिजे.