शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



राणी म्हटलं की आपल्याला दागिने आठवतात, पालखी आठवते. आज मी एका अशा राणीबद्दल बोलणार आहे, जिचं कामकाज आपल्याला कळलं ते हिशेबाच्या नोंदींमुळे.

ही राणी इराणची, म्हणजे जुन्या पर्शियाची. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे पहिला दारियस हा सम्राट राज्य करत होता. इर्तश्दुना ही त्याची एक राणी. ज्या कुरुश राजाने ते साम्राज्य उभं केलं, त्याची ही मुलगी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तिला आर्टिस्टोन म्हणतो. तो लिहितो की ती दारियसची सगळ्यात लाडकी राणी होती आणि राजाने तिची सोन्याची मूर्ती घडवून घेतली होती. पण ती दिवसभर काय कारभार बघायची, ते काही त्याने लिहिलं नाही.

ते कळलं फार उशिरा. १९३३ साली इराणात शिराझजवळ, पर्सेपोलिस या जुन्या राजधानीच्या जागी खोदकाम चालू होतं. तिथे तटबंदीच्या भिंतीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. बऱ्याचशा तळहातावर मावतील एवढ्याच. वाचल्यावर कळलं की हे सरकारी कोठाराचे हिशेब आहेत, इ.स.पूर्व ५०९ ते ४९३ या काळातले. कुणाला किती धान्य दिलं, किती मेंढ्या दिल्या, कुणाच्या हुकमाने दिल्या, सगळं लिहिलेलं.

त्यात इर्तश्दुनाचं नाव आहे. राजाच्या हुकमाने तिला शंभर मेंढ्या आणि जवळजवळ दोन हजार लिटर द्राक्षाचा दारूसाठा दिल्याची नोंद आहे. आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याने दिलं, त्यात काय मोठं? पण पुढच्या पाट्या बघा. त्या तिने स्वतः धाडलेल्या चिठ्ठ्या आहेत. ती कारभाऱ्याला कळवते : माझ्या अमुक ठिकाणच्या मालमत्तेतून अमक्याला एवढा साठा द्या. तिची मालमत्ता एका जागी नव्हती, वेगवेगळ्या गावांत होती. आणि चिठ्ठीवर शिक्का उमटवलेला आहे तो तिचा स्वतःचा. राजाचा नाही.

इर्दबामा नावाची आणखी एक राजघराण्यातली बाई या पाट्यांत सापडते. ग्रीकांनी तिचं नावसुद्धा घेतलेलं नाही. पण तिच्या हाताखाली शेकडो मजूर होते, त्यांच्या शिध्याचे हिशेब होते आणि तिचाही स्वतःचा शिक्का होता. मातीच्या पाट्या नसत्या तर ही बाई होऊन गेली हेही आपल्याला कळलं नसतं.

कुणी म्हणेल, त्या राजाच्या घरच्या, त्यांचं सोपं. खरं आहे. पण या पाट्यांत कामकरी बायाही आहेत. काही ठिकाणी मजुरांच्या गटावर बाई मुकादम होती. साध्या पुरुष मजुराला महिन्याला तीन मापं धान्य मिळायचं, तिला पाच मापं. बाळंतिणीला जादा शिधा मिळायचा. मात्र मुलगा झाला तर पूर्ण आणि मुलगी झाली तर निम्मा! हा अन्यायसुद्धा आज आपल्याला दिसतो, कारण तो लिहून ठेवला गेला. जे लिहिलं जात नाही, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

आता आपल्याकडे या. शिक्का म्हणजे आजची सही, आजचा अंगठा. कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची, हप्ताही बाईच भरणार. मग पैसा कुठे लागणार हे कोण ठरवतं? सही आपली आणि हुकूम दुसऱ्याचा असेल, तर तो शिक्का आपला नव्हेच. आपण फक्त शाई झालो. इर्तश्दुनाने शिक्का उमटवला तो तिच्याच हुकमाखाली, तिच्याच मालावर. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

घरात बोलू नका, भांडा, असं मी सांगत नाही. नवऱ्याशी विचारविनिमय जरूर करा. पण कर्जाचं कारण बैठकीत तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा. ठराव मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा. ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांनी शेजारणीला म्हणावं, "बाई, पुन्हा एकदा वाच." त्यात लाज कसली? कोरा विड्रॉल फॉर्म कुणालाही सही करून देऊ नका, मग तो कितीही घरचा माणूस असो. पासबुक आपल्या पेटीत ठेवा.

आणि सचिव ताईंनो, इतिवृत्तात नुसतं "चर्चा झाली" असं लिहू नका. कोण काय बोललं, कुणी नको म्हटलं, तेही नावानिशी लिहा. गटाची वही म्हणजे आपल्या मातीच्या पाट्या आहेत. उद्या आपल्या नातीने ती उघडली, तर आजीने काय ठरवलं होतं हे तिला आजीच्या नावावर वाचता आलं पाहिजे.