पडद्यावरची गाव सोडलेली माणसं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज जळगाव-धुळ्यात राहत नाहीत. कोणी पुण्यात, कोणी सुरतेला, दोघं-तिघं पार अमेरिकेत. म्हणून ‘सिनेमावर बोल’ असं फर्मान निघालं तेव्हा गाव सोडलेल्या घरांचे सिनेमे घ्यायचं ठरवलं.

सुरुवात शिरपूरच्या लेकीपासून. स्मिता पाटील जन्मल्या पुण्यात, पण वडील शिवाजीराव शिरपूरचे, त्यामुळे आपण त्यांच्यावर हक्क सांगतोच! 1978 च्या ‘गमन’मध्ये त्या उत्तर प्रदेशातल्या खेड्यात मागे राहिलेली खैरुन झाल्या. नवरा मुंबईत टॅक्सी चालवतो. शेवटी तो स्टेशनवर येतो, पण साठवलेले पैसे तिकिटातच जातील म्हणून गाडीत चढत नाही. जाणाऱ्यावर सिनेमे पुष्कळ आहेत. वाट पाहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका थांबलेला मी क्वचितच पाहिला.

‘चक्र’मधली त्यांची अम्मा गावाहून पळून मुंबईच्या झोपडपट्टीत आलेली. पोरगा वाईट मार्गाला लागू नये, एवढीच तिची धडपड. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी तक्रार एकच. मूळ कादंबरी जयवंत दळवींची, मराठी. पडद्यावर मात्र सगळे हिंदी बोलतात. बोली गेली की माणूस कुठला, तेच कळेनासं होतं.

आता आपल्या शेजारचं मालेगाव. तिथल्या अनेक विणकर घराण्यांचे पूर्वज 1857 च्या उठावानंतर उत्तरेतून आले. त्याच गावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्याच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, अगदी हडकुळा. या सिनेमात मागे सुटलेल्या मुलखासाठी कोणी उसासे टाकत नाही. विनोद इथल्या तंबाखूवर, इथल्या घाणीवर. पाहुणा यजमानाच्या घरावर असे विनोद करत नाही. घरचाच माणूस करतो.

आणि आपण? उधना-लिंबायतला खान्देशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. श्रावणात तिथे कानबाई बसते, भाऊबंद मिळून रोट खातात, तापीत विसर्जन होतं. आई ‘काय करी ऱ्हायना रे?’ विचारते, पोरगं गुजरातीत उत्तर देतं. एवढा मसाला असून या घरावरचा एकही नावाजलेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. मुंबईवाले तो काढतील, याची वाट मी पाहणार नाही.

तेव्हा सुरतकरांनो, यंदा कानबाईला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अहिराणीत बोलतं करा, मोबाईलवर टिपा आणि आपल्या ग्रुपवर टाका. फक्त मोबाईल आडवा धरा!