मोकळी जमीन म्हणजे काय?



या व्यासपीठावरून आजवर बोलून गेलेल्या पंडितांची नावे आपण प्रास्ताविकात ऐकलीच. त्या यादीच्या शेवटी आमचे नाव ऐकून आम्ही जरा बिचकलो. आमची शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे शिक्षण झाले ते लालबागेतल्या एका फुकट वाचनालयात, आणि युनियनच्या कचेरीत जुनी गॅझेटे व कोर्टाचे निकाल शब्दकोश मांडीवर घेऊन वाचताना. तेव्हा नगररचनेचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. मुंबईच्या मध्यभागी गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. तिचे काय करावे यावर पंचवीस-तीस वर्षे वाद झाला. त्या वादात आम्ही कामगार कुठे होतो, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

घाटावरच्या या गावाला मुंबईच्या जमिनीचे काय, असे कोणी विचारील. पण या मंडपात असे घर विरळाच, की ज्यातला आजा, चुलता किंवा मामा कधी गिरणीत नव्हता. इकडच्या कितीएक विहिरी मनीऑर्डरीवर बांधलेल्या आहेत. आमचे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. चार महिन्यांनी आईने आम्हां भावंडांना गावी आणले. वडील मात्र तिकडेच राहिले, कारण 'आज ना उद्या भोंगा वाजेल.' अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, ही गोष्ट तरुण मंडळींना सांगितली तर त्यांना खरी वाटत नाही.

आता जमिनीकडे वळू. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला चालू झाली. त्या काळी शहर म्हणजे कोट आणि त्याला लागून असलेली वस्ती. ताडदेव, परळ, लालबाग हा सारा शहराच्या कडेचा मुलूख. तिथे जमीन मिळत होती म्हणून गिरण्या तिकडे गेल्या. पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि जी कड होती ती शहराच्या पोटात आली. संप झाला तेव्हा या जमिनीच्या दोन्ही अंगांनी दोन रेल्वे धावत होत्या. गिरण्या सरकारी व खासगी मिळून अठ्ठावन्न. आत जुनी यंत्रे, बाहेर दिवसेंदिवस चढणारे जमिनीचे भाव. कापड विणण्यापेक्षा जमीन विकण्यात अधिक पैसा आहे, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. मालकांना ते कळले. आम्हांला उशिरा कळले.

१९९१ साली मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला ५८ वा नियम गिरण्यांच्या जमिनीविषयी होता. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे स्थूलमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, सामान्य लोकांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. जमिनीच्या आकाराप्रमाणे टक्केवारी कमीजास्त होई, पण तत्त्व हेच. नियम चांगला होता, असे आमचे आजही मत आहे. अडचण एवढीच की दोन वाटे सोडायला फारसे कोणी पुढे येईना. जमिनी कुलपात पडून राहिल्या आणि कामगारांची देणीही राहिली.

आम्ही त्या वेळी एकवीस वर्षांचे, परळला एका कारखान्यात लेथवर. युनियनच्या सभांना जात होतो. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड यांचे आकडे आम्हांला तोंडपाठ असत. पण ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तिचा सर्व्हे नंबर काय, नकाशात तिला रंग कोणता, हे आमच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हते. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. युनियनचे पुढारी माणसे मोजायला शिकले होते. जमीन मोजण्याचे काम आपले आहे असे आम्हांला वाटलेच नाही.

मधल्या काळात दोन ठिकाणी दोन वेगळे वाद चालू होते. एक वास्तुशास्त्रज्ञ, पर्यावरणवादी आणि इंग्रजी वर्तमानपत्रे यांच्यातला. १९९६ साली शासनाने प्रख्यात वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न धरता एकत्र विचारात घ्याव्यात, म्हणजे रस्ते, मोकळ्या जागा आणि घरे यांची सलग आखणी होईल, असा तिचा रोख होता. तिच्या शिफारशी अमलात आल्या नाहीत. दुसरा वाद चाळींच्या चौकांत होता. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी केली. तिथला प्रश्न होता देणी कधी मिळणार आणि घर मिळणार का. पहिल्या वादातल्या मंडळींना आमच्या चौकात कोणी बोलावले नाही, आणि त्यांच्या परिसंवादाची पत्रिका आमच्यापर्यंत आली नाही. दोघेही एकाच जमिनीविषयी बोलत होते. एकाच घरातले दोन भाऊ दोन वकिलांकडे जातात, तशातला हा प्रकार.

मग २० मार्च २००१ आले. त्या दिवशी ५८ व्या नियमात फेरफार झाला. त्याआधी हरकती-सूचनांची नोटीस निघाली असेल, वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात आलीही असेल. आम्ही ती वाचली नाही. फेरफाराचा कागद पुढे कित्येक महिन्यांनी आमच्या हाती पडला. आमच्या चाळीत महापालिकेतून निवृत्त झालेले एक आरेखक राहत असत. त्यांनी तो जमिनीवर पसरला, दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "हे वाच आणि मग जेव."

त्या ओळींचा अर्थ असा होता की तीन वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. गिरणीच्या इमारती पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल ती या हिशेबात धरायची नाही.

आपण हिशेब करून पाहू. समजा, एका गिरणीची जमीन पंधरा एकर आहे. त्यातले बारा एकर खात्यांच्या शेडखाली, आणि तीन एकर उघडे अंगण. पहिल्या नियमाप्रमाणे पाच एकर मैदानाला, पाच एकर घरांना, पाच एकर मालकाला. नव्या नियमाप्रमाणे वाटे फक्त त्या तीन एकरांचे. मैदानाला एक, घरांना एक, आणि मालकाकडे उरलेले तेरा. आमच्या गिरण्या तर अशा, की शेडला शेड चिकटलेली, अंगण म्हणजे कापसाच्या गाड्या वळण्यापुरते. हा आकडा आम्ही चौकात फळ्यावर लिहून दाखवला तेव्हा एक म्हातारे जॉबर म्हणाले, "अरे, म्हणजे पाडली तरी ती मोकळी नाही म्हणायची?" व्याकरणाचा इतका नेमका प्रश्न आम्ही पुढे कोर्टातसुद्धा ऐकला नाही.

त्या सभेची आणखी एक आठवण आहे. सभा संपल्यावर खाणावळ चालवणाऱ्या एक मावशी नकाशापाशी आल्या. वीस वर्षे त्यांनी पंधरा-पंधरा माणसांना डबे घातले होते. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते त्यांच्याचसाठी. मावशींनी विचारले, "यात माझी खोली कुठे आहे?" आम्ही पिवळ्या रंगावर बोट ठेवले, पिवळा म्हणजे राहण्याची जागा. त्या म्हणाल्या, "मी तिथे राहते, पण माझा धंदाही तिथेच आहे. त्याचा रंग कोणता?" आम्ही आरेखकबुवांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. नकाशा करणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या पेटीत त्या रंगाची पेन्सिल नसते. परंतु नकाशा पक्का होण्यापूर्वी मावशींना कोणी तो दाखवला असता, तर निदान समासात एखादी टीप आली असती.

कोर्टाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. एका पर्यावरण संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्याच सुमारास, २००५ साली, वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि दोन हजार कोटींहून अधिक रुपये आले. २६ जुलैचा महापूरही त्याच वर्षीचा. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका मान्य केली, म्हणजे इमारतींखालची जमीनही वाट्यात धरायची. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ चा फेरफार कायम झाला.

इथे कामगार म्हणून एक कबुली देणे भाग आहे. त्या दिवसांत आमच्या संघटना एकमताच्या नव्हत्या. जमीन विकली तर थकलेले पैसे मिळणार होते. ज्याची ग्रॅच्युइटी वीस वर्षे अडकली, ज्याच्या मुलीचे लग्न खोळंबले, त्याला 'मैदानासाठी थांबा' कोणत्या तोंडाने सांगावे? आमच्याच घरात हा वाद झाला. आम्ही नियम समजावून सांगत होतो आणि वडील ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझं मैदान होईल तेव्हा होईल. मला आधी दमा आहे." त्यांचे पैसे त्यानंतर आले आणि औषधपाण्यात गेले. ते चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही. ज्याने देणी आणि मैदान यांतले एक निवडा असा प्रश्न घातला, त्याला तो प्रश्न असाच का घातला, हे विचारायला हवे होते. जमीन एवढी होती की तिच्यात दोन्ही बसत होते. फळ्यावरचे पंधरा एकर आठवा.

पुढे काय झाले ते मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, मॉल, उंच घरे. मुंबईला रोजगार मिळाला, हे खरेच आहे, आणि आमच्या काही भाच्या-पुतण्यांना त्याच कचेऱ्यांत नोकऱ्या आहेत. पण तिथे रोज येणाऱ्या माणसांची पावले कुणी मोजली नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. गिरणीच्या पाळीला लोक पायी येत होते, शेजारच्या चाळीतून. कचेरीला येणारे विरारहून आणि कल्याणहून येऊ लागले, आणि पूल मात्र जुनाच.

घरांचेही सांगतो. म्हाडाने जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. मार्च २०२० मध्ये आणखी ३,८९४ घरांची. मध्येही काही निघाल्या. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास. ज्यांना घर लागले त्यांच्या घरी आम्ही पेढे खाल्ले आहेत, आणि ते पेढे गोडच होते. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना पुढे आली. ९ जुलै २०२५ रोजी म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानावर गोळा झाल्या, त्या घर मुंबईतच हवे हे सांगायला. कर्जतच्या गाडीने रोज परळला येऊन जाणाऱ्याला त्या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमच्या आईचा अर्ज त्या दीड लाखांत आहे. ती आता गावीच असते. पोस्टमन दिसला की अजून विचारते.

वाद उशिरा झाला तरी व्यर्थ जात नाही, हेही आम्ही पाहिले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. या वेळी काही संस्थांनी वस्त्या-वस्त्यांत बैठका घेतल्या, नकाशाची मोठी चित्रे भिंतींवर लावली. आम्हीही दोन वॉर्ड वाटून घेतले होते. हजारो हरकती गेल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन नव्याने करण्याचा आदेश निघाला, आणि २०१६ च्या मे महिन्यात सुधारलेला मसुदा आला. तो निर्दोष होता असे नाही. परंतु त्याच्या वेळी बाजारातल्या भाजीवाल्या बाईने महापालिकेच्या खिडकीवर हरकतीची पोच मागून घेतलेली आम्ही पाहिली. १९९१ साली आमच्या पुढाऱ्यांनीसुद्धा ती मागितली नव्हती.

आपल्या गावाचाही विकास आराखडा असतो. तो नगरपालिकेत पाहायला ठेवतात आणि हरकतींना ठराविक मुदत असते. मसुदा प्रसिद्ध झाल्याचे आपल्याला कळते तोवर ती बहुधा निम्मी सरलेली असते. तेव्हा नकाशाचा रंग पाहून परत येऊ नका. सोबतची नियमावली मागा. ती मिळाली की प्रत्येक नियमाखालचे 'स्पष्टीकरण' आधी वाचा आणि नियम मागाहून. आमच्या सहाशे एकरांचे जे झाले ते स्पष्टीकरणात झाले.

अध्यक्षांनी मघाशी घड्याळ पुढे सरकवले आहे, त्यामुळे थांबतो. ५८ व्या नियमाची १९९१ ची आणि २००१ ची अशा दोन्ही प्रती आम्ही बरोबर आणल्या आहेत, आणि त्या आरेखकबुवांनी पेन्सिलीने रेघ मारलेला मूळ कागदही आहे. सभा संपल्यावर या टेबलावर मांडून ठेवतो. ज्यांना पाहायचे त्यांनी यावे. चष्मा लागत असेल त्यांनी तो घेऊन यावे. अक्षर फार बारीक आहे.