गाडी उभी, कर चालू



आमच्या नागपुरात इतवारी आहे, बुधवारी आहे, शुक्रवारी आहे, शनिचरीही आहे. वारांची नावं वस्त्यांना लागली. बाजाराचा वार आपण बाया कधी विसरत नाही. गटाच्या बैठकीची तारीख, बँकेच्या हप्त्याची तारीख, सगळं तोंडपाठ. पण गटाच्या गाडीचा कर कोणत्या तारखेला संपतो, हे आमच्या गटातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. त्याची किंमत आम्ही मोजली. तीच गोष्ट आज सांगतो.

आमचा गट मसाले करतो. धने, जिरे, हळद इतवारीतून ठोकात आणायची, गावात दळायची, पाकिटं भरायची. भाड्याचा टेम्पो परवडेना म्हणून आम्ही जुना छोटा टेम्पो घेतला. कागद नावावर करायचं काम एका दलालाला दिलं. तिथे गाडीच्या नोंदीत मोबाइल नंबर त्याचाच गेला. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

पावसाळ्यात इंजिन बसलं. चार महिने गाडी मिस्त्रीकडे उभी. दसऱ्यानंतर सुरू झाली आणि पहिल्याच फेरीला रस्त्यात तपासणी लागली. कराची मुदत कधीचीच संपली होती.

आम्ही म्हटलं, “काऊन हो साहेब, गाडी तर उभीच होती नं!”

साहेब म्हणाले, “ताई, उभी आहे हे आधी लेखी कळवलं होतं का?”

नव्हतं कळवलं. दिवाळीला वाटायचे पैसे त्या भरण्यात गेले. कोषाध्यक्ष ताई बैठकीत रडल्या. म्हणाल्या, “वही माझ्याकडे, तर चूक माझी. दुसरीला नेमा.” पण खरं सांगायचं तर ते काम त्यांना दिलंच कोणी होतं? कोणालाच दिलं नव्हतं.

मग आम्ही नियम समजून घेतला. आपल्या राज्यात मोटार वाहन कराचा कायदा १९५८ चा आहे. कर गाडी चालवल्याचाच नाही, वापरासाठी जवळ ठेवल्याचाही लागतो. गाडी काही महिने वापरणार नसाल, तर तसं परिवहन कार्यालयाला आगाऊ कळवावं लागतं. नंतर सांगून भागत नाही. आणि थकलेल्या करावर महिन्याला २ टक्के व्याज चढतं. १०,००० रुपये थकले तर दर महिन्याला २०० रुपये. वर्षाचे २,४००. 

आता प्रत्येक गाडीचा कर सारखा नसतो. काहींचा एकदाच भरून मोकळं होता येतं, काहींचा दरवर्षी भरावा लागतो. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर ठरवला गेला. पण आमच्यासारखी जुनी गाडी असेल, तर शेजारणीचं ऐकून चालू नका. आपल्याच गाडीची नोंद पाहा.

हे सगळं सांभाळायचं कसं, ते आम्ही इतवारीतच शिकलो. ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो, त्यांच्या शेजारी एक वाहतुकीची पेढी आहे. चाळीसेक गाड्या. तिथल्या कारकून दादांना आम्ही विचारलं, “तुम्ही इतक्या तारखा लक्षात कशा ठेवता?” ते हसले. “मी नाही ठेवत, संगणक ठेवतो.”

त्यांनी पडदा दाखवला. एका गाडीची एक ओळ. ओळीत कर, विमा, फिटनेस, पीयूसी, परमिट, प्रत्येकाची शेवटची तारीख. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदीतूनच त्या तारखा येतात. तीस दिवस राहिले की ओळ पिवळी, सात राहिले की लाल, आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश.

“मग तुम्हाला काही कामच नाही,” आम्ही म्हटलं.

“आहे नं ताई. गाडी विकली, ती यादीतून काढायला माणूस लागतो. गाडी बंद पडली, हे संगणकाला कसं कळणार? पैसे खात्यातून गेले पण पावती निघाली नाही, तेही पाहावं लागतं. संगणक हाक मारतो. उठायचं आपल्यालाच.”

हे आम्ही गाठीला बांधून आलो. एका गाडीसाठी विकतचं सॉफ्टवेअर कशाला? आमच्याकडे मोबाइल होताच.

पहिलं काम, गाडीच्या नोंदीतला मोबाइल नंबर बदलून गटाचा घातला. दुसरं, एमपरिवहन ॲप घेऊन गाडीच्या सगळ्या तारखा पाहिल्या आणि बैठकीच्या वहीत एका पानावर उतरवल्या. फिटनेस लक्षात ठेवा. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. तिसरं, प्रत्येक तारखेच्या महिनाभर आणि आठवडाभर आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये लावली. तीही दोघींच्या फोनवर, कारण एकीचा फोन नातू घेऊन बसतो. चौथं, दर बैठकीत हप्ते गोळा झाले की ते पान मोठ्याने वाचायचं. ‘गाडी चालू आहे की उभी?’ हा प्रश्न विचारायचाच. आणि पाचवं, भरणा झाला की दोन दिवसांनी तारीख पुढे सरकली का ते ॲपवर पाहायचं.

कागदही आता फोनमध्येच आहेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद तपासणीत चालतात, असं केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. नुसता कागदाचा फोटो मात्र चालत नाही.

एक इशारा. ‘तुमच्या गाडीचं चलान आहे, ही फाइल उघडा’ असे व्हॉट्सॲप संदेश फिरतात. शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ते उघडू नका, खातं रिकामं होतं. दंड खरा आहे का, ते परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहा.

आमच्या कोषाध्यक्ष ताई अजून त्याच आहेत. गेल्या महिन्यात फोन वाजला, त्यांनी विमा आठ दिवस आधीच भरला आणि पावती बैठकीत सगळ्यांपुढे ठेवली.

तुमच्या गटाची गाडी असेल, नाहीतर घरच्या माणसाचा ऑटो, टेम्पो असेल, तर आज रात्री जेवणं झाली की एवढंच विचारा: नोंदीत नंबर कोणाचा आहे?

येतो आम्ही. नमस्कार.