दोष रांजणाचा कीं पाटाचा?



गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं आम्ही सहकुटुंब वाईहून पांचगणीस निघालों होतों. पसरणीच्या घाटांत धुकें दाटलें होतें. निम्म्या चढणीवर मोटारीचे दिवे तेल संपलेल्या समईसारखे मंदावूं लागले. एका बाजूस दरी, पाठीमागें ट्रकांची रांग, आंत लहान मुलें! कशीबशी गाडी रुंद जागीं उभी केली आणि एका भल्या गृहस्थाच्या गाडींतून पांचगणी गाठली. बॅटरी दोनच महिन्यांपूर्वीं नवी घातली होती. वर्षांतील ती दुसरी. 'आतां ऑल्टरनेटरच बदला,' असा मेस्त्रींचा सल्ला पडला.

बदलण्यापूर्वीं मोजून पाहावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

बॅटरी म्हणजे पाण्यानें भरलेला रांजण. ऑल्टरनेटर ही तो भरणारी मोट, आणि दोहोंमधील जाड तार हा पाट. पूर्वीच्या गाड्यांत डायनॅमो असे. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें ऑल्टरनेटर प्रचारांत आणला. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. त्यांत उत्पन्न होणारी वीज उलटसुलट वाहते; डायोड तिला एकाच दिशेस वळवितात आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरून धरतो.

परीक्षा करण्यास साधा व्होल्टमीटर पुरे. प्रथम इंजिन बंद ठेवून पट्टा सैल झाला आहे कीं चिरला आहे, तें पाहावें. गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर भरलेल्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी समजावी. मग इंजिन सुरू करून, बाह्या आणि पदर पट्ट्यापासून दूर ठेवून, पुन्हां मोजावें. बहुतेक गाड्यांत आंकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा. तो वाढलाच नाहीं तर बॅटरीला वीज पोंचत नाहीं. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असावा. कांहीं नव्या गाड्यांत संगणक इंधन वांचविण्यासाठीं दाब मुद्दाम उतरवितो. म्हणून मोठे दिवे व पंखा लावून मोजणें बरें.

माझ्या गाडींत दिवे लावल्यावर बॅटरीवर १२.९ च आले. मेस्त्रींचें म्हणणें खरें ठरणार, असें वाटलें. परंतु ऑल्टरनेटरच्या जाड तारेचा खिळा आणि त्याचें धातूचें अंग यांमध्यें मीटर लावतांच १४.४ दिसले! मोट पूर्ण पाणी ओढीत होती. मग दीड व्होल्ट वाटेंत कोठें मुरत होता? ऑल्टरनेटरचें अंग आणि बॅटरीचें ऋण टोंक यांत अवघा ०.१ आढळला. त्याचा खिळा आणि बॅटरीचें धन टोंक यांत मात्र १.४! चांगल्या तारेंत हा आंकडा ०.२ ते ०.३ च्या वर जाऊं नये. इंजिन व दिवे बंद करून तार चाचपली, तों बॅटरीकडील सांध्याला चटका बसण्याइतकी ऊब होती. आवरण सोलतांच आंत हिरवा कळंक निघाला. रेग्युलेटर ऑल्टरनेटरपाशींच दाब मोजत असल्यामुळें त्याच्या लेखीं सर्व ठीक होतें. धोक्याचा लाल दिवाही म्हणूनच पेटला नव्हता.

तारेचें टोंक कापून नवा लग बसविला आणि बॅटरीवर १४.२ व्होल्ट आले. दोन बॅटऱ्या निष्कारण मोडींत गेल्या होत्या.

एक इशारा देऊन थांबतों. ऑल्टरनेटर चालतो कीं नाहीं हें पाहण्यास कांहीं जण चालू इंजिनावर बॅटरीची तार काढतात. डायनॅमोच्या काळीं तें खपून जाई. आतां दाब एकाएकीं उसळून डायोड आणि गाडींतील संगणक जळूं शकतात. तो मोह टाळावा, आणि घाट चढण्यापूर्वीं घरच्या अंगणांतच मीटर लावावा. अंधाऱ्या वळणावर शिकलेला धडा फार महाग पडतो.