माकडताप : आधी शत्रू ओळखा

निवृत्तीनंतर मी म्हैसूरला राहतो. फौजेत पहिला धडा असतो, आधी शत्रू ओळखा. आजचा शत्रू आहे एक ताप.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली. माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, त्यामागचा विषाणू शोधला. तो पसरवते रानातली गोचीड. हाच ताप पुढे गोव्यात सत्तरीला आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला.

यावर खास औषध अजून नाही. सलाईन आणि रक्तस्रावावर नजर, एवढंच डॉक्टरांच्या हाती. म्हणून निदान लवकर हवं. पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआर चाचणी रक्तातला विषाणूच पकडते. नंतर एलायझा चाचणी प्रतिपिंडं शोधते. पण रक्ताचा नमुना वेळेवर पोचला तरच!

तेव्हा काजूच्या बागेत, रानात जाताना अंगभर कपडे घाला. ताप आला तर अंगावर काढू नका. 'रानात गेलो होतो' हे डॉक्टरांना आधी सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा. पहाऱ्यावरच्या शिपायानं जीव देऊन पाठवलेली ती खबर आहे.

जय हिंद.