ग्रेफ्रायर्सच्या भुताचा जन्मदाखला

भुताची गोष्ट सांगणारा माणूस सहसा ‘फार पूर्वी’ अशी सुरुवात करतो, आणि ऐकणाराही कधी, केव्हा असं विचारत नाही. पिंपळावरचा मुंजा किंवा विहिरीजवळची हडळ कोणत्या साली तिथे राहायला आली, हे गावात कोणाला ठाऊक नसतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा इथल्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीची गोष्ट मात्र वेगळी आहे. जगातल्या सर्वांत झपाटलेल्या जागांमध्ये तिचं नाव घेतात आणि तिथलं भूत सतराव्या शतकातलं म्हणून दाखवतात. पण या जागेचे कागदपत्र, दगड आणि कायदे शाबूत आहेत. ते ओळीने लावले की भूत सतराव्या शतकातलं नसून विसाव्या शतकाच्या अगदी शेवटचं आहे, हे दिसून येतं. आज मला एवढंच मांडायचं आहे की भुताटकीच्या कथा मेलेल्यांबद्दल फार थोडं सांगतात. त्या सांगणाऱ्या पिढीला कशाची भीती वाटत होती आणि काय विसरायचं होतं, हे मात्र पुष्कळ सांगतात.

आधी जागेचा इतिहास पाहू. शहराच्या मधोमध असलेल्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात प्रेतं पुरायला जागा उरली नाही, तेव्हा १५६२ साली मेरी राणीने फ्रान्सिस्कन साधूंच्या जुन्या मठाची जमीन शहराला दफनासाठी दिली. या साधूंचे झगे करड्या रंगाचे, म्हणून जागेचं नाव ग्रेफ्रायर्स. २८ फेब्रुवारी १६३८ रोजी इथल्याच चर्चमध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या करारनाम्यावर सह्या व्हायला सुरुवात झाली. चर्चचा कारभार कसा चालावा हे राजाने लादू नये, असा त्याचा आशय होता, आणि तो मानणारे ते कव्हेनंटर. पुढची पन्नास वर्षं हा झगडा चालला. २२ जून १६७९ रोजी बॉथवेल ब्रिजच्या लढाईत कव्हेनंटरांचा पराभव झाला आणि सुमारे १२०० कैद्यांना एडिनबराला आणलं गेलं. एवढी माणसं मावतील असा तुरुंग शहरात नव्हता, म्हणून दफनभूमीला लागून असलेल्या मोकळ्या मैदानात बहुतेकांना डांबण्यात आलं. डोक्यावर छप्पर नाही, खायला अगदी थोडा पाव. पुन्हा शस्त्र उचलणार नाही अशा हमीपत्रावर ज्यांनी सही केली त्यांची सुटका होत गेली, काही आजारपणात गेले, काही पळाले. नोव्हेंबरपर्यंत २५७ उरले. त्यांना वसाहतींत धाडण्यासाठी ‘क्राऊन’ नावाच्या जहाजावर चढवलं. १० डिसेंबरला ऑर्कनी बेटांवरच्या डीअरनेसजवळ ते जहाज खडकावर आपटून फुटलं. कैदी जहाजाच्या तळाशी कोंडलेले होते. पन्नासेक वाचले, बाकीचे बुडाले.

आता भुताकडे येऊ. सर जॉर्ज मॅकेन्झी हा १६७७पासून राजाचा मुख्य सरकारी वकील. कव्हेनंटरांवरचे खटले त्याने इतक्या कठोरपणे चालवले की लोकांनी त्याला ‘रक्तपिपासू मॅकेन्झी’ ठरवून टाकलं. १६९१ साली तो लंडनला वारला, पण त्याचं दफन ग्रेफ्रायर्समध्येच झालं, कैद्यांच्या त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, घुमट असलेल्या एका गोल कबरवास्तूत. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारे असे शेजारी आले. गोष्टीला याहून काय हवं? पण हा माणूस दिसतो तितका सरळ नाही. वकिलांचं जे ग्रंथालय त्याने उभं केलं, त्यातूनच पुढे १९२५ साली स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय घडलं. १६६१च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये चेटकिणींची धरपकड ऐन भरात होती, तेव्हा तो अशा खटल्यांत न्यायाधीश म्हणून बसला होता. चेटूक असतं हे तो नाकारत नव्हता. पण उपाशी ठेवलेल्या, झोपू न दिलेल्या गरीब बायांचे कबुलीजबाब पुरावा म्हणून धरता येत नाहीत, असं त्याने फौजदारी कायद्यावरच्या आपल्या १६७८च्या ग्रंथात मांडलं. कमकुवत पुराव्यावर विसंबू नका असं त्या काळात सांगणाऱ्या माणसाला निव्वळ ऐकीव साक्षींवर भूत ठरवण्यात आलं आहे. कव्हेनंटरांच्या बाबतीत त्याने हाच काटेकोरपणा दाखवला असता तर बरं झालं असतं, पण तो वेगळा विषय.

मग मधली तीनशे वर्षं या दफनभूमीत लोक कशाला भीत होते? याचं उत्तर तिथे आजही उभं आहे. दोन थडग्यांवर जाड लोखंडी गजांचे पिंजरे आहेत. मुडदे उठून बाहेर पडू नयेत म्हणून हे पिंजरे, असं पर्यटकांना वाटतं. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. एडिनबरा हे वैद्यकीय शिक्षणाचं मोठं केंद्र होतं, शवविच्छेदनासाठी प्रेतं हवी असत आणि कायद्याने मिळणारी प्रेतं अगदी मोजकी. त्यामुळे ताजी प्रेतं रात्री उकरून विकण्याचा धंदा जोरात होता. ज्यांना परवडे ते प्रेत विकण्याजोगं उरणार नाही इतके दिवस थडग्यावर पिंजरा ठेवत, बाकीचे रात्री पहारा देत. बर्क आणि हेअर यांनी तर उकरण्याचे श्रमही वाचवले. १८२८च्या अखेरीपर्यंत त्यांनी सोळा माणसं मारून प्रेतं शरीररचनेच्या वर्गाला विकली. बर्क फाशी गेला आणि त्याचंही शवविच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिनबरा विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १८३२च्या ॲनाटमी कायद्याने बेवारस प्रेतं उपलब्ध झाली आणि हा धंदा बसला. त्या काळच्या माणसाला मेलेल्यांची भीती नव्हती. त्याला मेलेल्यांसाठी भीती होती, आणि ती जिवंत माणसांची होती.

मॅकेन्झीच्या नावाने घाबरवणं अजिबातच नव्हतं असं मात्र नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हनसनने एडिनबरावरच्या १८७८च्या पुस्तकात नोंदवलं आहे की पोरं त्या कबरीच्या दाराशी जाऊन, हिंमत असेल तर बाहेर ये, असं मॅकेन्झीला आव्हान देत आणि धूम ठोकत. याच पुस्तकात दुसरी हकीकत आहे. पोलिसांपासून पळणारा एक तरुण याच कबरवास्तूत लपला आणि शेजारच्या हेरियट शाळेतल्या त्याच्या सोबत्यांनी त्याला चोरून जेवण पोचवलं. या दोन्ही गोष्टी नीट पाहा. पहिलीत भूत बाहेर येत नाही; ते येत नाही म्हणूनच पोरांचा खेळ चालतो. दुसरीत तीच जागा आसरा बनते. कोणाला ओरबाडलं, ढकललं, कोणी बेशुद्ध पडलं, असं यात कुठेही नाही.

ते सगळं सुरू होतं डिसेंबर १९९८पासून. गोष्ट अशी सांगतात की पावसाळी रात्री आसरा शोधणारा एक बेघर माणूस त्या वास्तूत शिरला, तळघरातली जमीन खचून खाली कोसळला आणि किंचाळत बाहेर पळाला. त्यानंतर लोकांना चक्कर येणं, अंगावर ओरखडे उठणं, कोणीतरी गळा आवळल्यासारखं वाटणं असे प्रकार सांगितले जाऊ लागले. आपल्याकडे याला भानामती म्हटलं असतं. १९९९ साली कव्हेनंटरांच्या तुरुंगाचं फाटक नगरपालिकेने बंद ठेवलेलं असताना मार्गदर्शकासह आत नेणारी रात्रीची तिकिटाची सहल सुरू झाली, आणि सहल चालवणाऱ्यांनीच अशा घटनांची नोंद ठेवायला सुरुवात केली. नोंदी शेकड्यांनी आहेत. पण त्या तिकीट काढून, अंधारात, आधी गोष्ट ऐकून आत गेलेल्यांच्या आहेत. शिवाय ज्या दगडी कोठड्या ‘कैद्यांच्या’ म्हणून दाखवतात, त्या अठराव्या शतकात बांधलेल्या खाजगी कबरी आहेत. मूळ मैदान कितीतरी मोठं होतं आणि त्याच्या बऱ्याच भागावर पुढे रस्ता आणि इमारती आल्या. १६७९च्या कैद्याने त्या कोठड्या पाहिलेल्याच नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: इतकी माणसं खोटं बोलतात का? माझ्या मते बहुतेक जण खरंच बोलतात. २००१ साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी एडिनबरातच, साउथ ब्रिजखालच्या तळघरांत प्रयोग केला. कोणती खोली कुप्रसिद्ध आहे हे ठाऊक नसलेल्यांनाही बदनाम खोल्यांमध्येच विचित्र अनुभव जास्त आले. भूत मानणाऱ्यांना हा निष्कर्ष सोयीचा वाटेल. पण हे अनुभव खोलीचा आकार, उजेड अशा साध्या गोष्टींशी जुळत होते. म्हणजे थंडी, अंधार आणि कोंदट जागा अंगावर शहारा आणतात, आणि अशाच जागांची बदनामी होते. शहारा खरा, त्याला मॅकेन्झीचं नाव मात्र गोष्टीने दिलं. ओरखड्यावर कोणाची सही नसते. भूत उतरवायला आलेला एक जण काही आठवड्यांतच वारला, असाही दाखला देतात. त्याच्यानंतर हजारो माणसं तिथून सुखरूप घरी गेली, ती कोणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप असा की यातना जागेत मुरतात. हे खरं असतं तर भूत एडिनबरात नव्हे, ऑर्कनीत हवं होतं. दोनशे माणसं जहाजाच्या तळाशी कोंडलेली असताना बुडाली ती तिथे. पर्यटकांना ओरबाडणाऱ्या भुताची ख्याती त्या किनाऱ्याला मिळाली नाही, कारण तिथे संध्याकाळी साडेआठला हजारो पर्यटक मोकळे नसतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भूत खोटं असेल, पण त्याच्यामुळेच लोकांना कव्हेनंटर आठवतात, दफनभूमी जिवंत राहते, मग बिघडलं काय? ही जागा दंतकथांवर जगते हे खरं आहे. बॉबी नावाच्या कुत्र्याचा पुतळा फाटकासमोर आहे. मालकाच्या थडग्यापाशी चौदा वर्षं बसलेला हा कुत्रा मुळात एक नसून दोन होते, असा दावा लेखक जॅन बाँडेसन यांनी २०११ साली केला, तरी गर्दी हटली नाही. बॉबीच्या कथेने कोणाचं वाईट केलं नाही. भुताच्या कथेचं तसं म्हणता येत नाही. २००३ साली दोन पोरं मॅकेन्झीच्या कबरीत शिरली आणि एका प्रेताचं डोकं उचलून घेऊन गेली. थडग्याची विटंबना या जुन्या गुन्ह्याखाली त्यांच्यावर खटला चालला, म्हणजे मुडदेचोरांच्या काळातला कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. आणि स्मरणासाठी भूत लागतं हे तर कागदावर टिकतच नाही. कव्हेनंटरांचं हुतात्मा स्मारक याच दफनभूमीत १७०६ साली उभं राहिलं, जहाज बुडाल्याला तीस वर्षंही झाली नव्हती. त्यावरच्या लेखात बळींचा आकडा १८,०००च्या घरात दिला आहे आणि इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. वाटू दे, दगडावर कोरलेला आकडा निदान तपासता येतो, त्याच्याशी भांडता येतं. डीअरनेसच्या कड्यावर बुडालेल्यांसाठी १८८८ साली दगडी मनोरा बांधला गेला. मॅकेन्झीचं भूत तेव्हा जन्मालाही यायचं होतं.